पस्तीस उताऱ्याची बाटली

गोंदिया जिल्ह्यात लोक जातात ते नवेगावबांधचं जंगल बघायला, तलावांवरचे पक्षी बघायला, नाहीतर तांदळाच्या व्यापाराला. मी गेलो होतो एक बाटली पोहोचवायला. जपानी दारूची, साकेची. दोन हजार दहाच्या दिवाळीनंतर. परत आल्यावर शेजारीपाजारी विचारू लागले, कसा झाला प्रवास, काय काय पाहिलंत. तेव्हा धड काही सांगता आलं नाही, म्हणून आता लिहायला बसलो आहे.

बाटली माझी नव्हे. माझी बायको शोभा पुण्यात मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत जपानी दुभाषी होती. दरवर्षी मार्चच्या सुमाराला ती कामासाठी जपानला जायची आणि येताना साकेची एक बाटली आणायची. ती आमच्या घरी कधी उघडली नाही. उन्हाळ्यात शोभा माहेरी जायची, अर्जुनी मोरगावला, आणि बाटलीही तिच्याबरोबर जायची. तिथे तिच्या वडिलांची तांदळाची मिल आहे. गिरणी म्हटलं की आपल्याला पीठ आठवतं. तिकडे मिल म्हणतात, आणि तिच्यात धान घालून तांदूळ काढतात. त्या मिलमध्ये, धानाचे नमुने तपासायच्या टेबलाशी बसून, शोभा वडिलांना बाटलीवरचं लेबल वाचून दाखवायची.

तिच्या वडिलांना मी मामाजी म्हणतो. तिकडे सासऱ्याला मामाजीच म्हणायचं. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पुणेरी वळणानं ‘बाबा’ म्हणालो, तर अख्खी ओसरी हसली होती. मामाजी दारूला शिवत नाहीत. बाटलीतल्या मालाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव तांदळात. जपानी लोक तांदळाची दारू करतात आणि कोणता तांदूळ वापरला, तो किती घासला, हे बाटलीवर चक्क लिहून टाकतात, हे कळल्यावर तो देश शहाण्यांचा आहे असं त्यांचं पक्कं मत झालं.

लेबलावर शेकड्यात एक आकडा असतो. जपानीत त्याला सेइमाइबुआइ म्हणतात. टरफल काढलेला शंभर किलो तांदूळ घासून घासून पांढरा केला की मागे किती किलो उरला, तो हा आकडा. मिलवाले याला उतारा म्हणतील. आणि घोळ झाला तो इथेच. मिलवाल्याची सगळी अब्रू उताऱ्यात. क्विंटलभर धानाला तांदूळ जास्त पडला तर मिल चांगली. कणी आणि कोंडाच जास्त निघाला तर शेतकरी पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या दारात बैलगाडी सोडतो. शोभानं नेलेल्या पहिल्या बाटलीवर सत्तर होते. ते ऐकून मामाजी खुर्चीवरून उठून उभे राहिले. “सत्तर! आमची मिल सदुसष्टाच्या वर कधी गेली नाई!” पुढचे कितीतरी दिवस ते साऱ्या अर्जुनीला जपानी मिलचा उतारा सांगत फिरत होते.

जपान्यांचं गणित नेमकं उलटं आहे. दाण्याच्या बाहेरच्या भागानं दारूला जडपणा येतो, म्हणून तो जितका घासून टाकाल तितकी दारू नितळ. आकडा लहान तितकी बाटली उंची. पन्नास म्हणजे सणासुदीची, सत्तर म्हणजे रोजची साधी. शोभाला हे पुरतं ठाऊक होतं. पण बाप असा उभा राहिलेला बघून तिला ते सांगवलं नाही. पुढच्या वर्षीपासून ती मुद्दाम मोठ्या आकड्याच्या बाटल्या शोधायला लागली. बहात्तर, पंचाहत्तर, एकदा तर ऐंशी. मामाजींनी मिलच्या भिंतीला फळी ठोकली आणि बाटल्या उताऱ्याप्रमाणे चढत्या क्रमानं मांडल्या, एकीचंही बूच न काढता. शोभा मला म्हणायची, “बाबांसाठी मी जपानातली सगळ्यात साधी दारू हुडकत हिंडते, आणि दुकानदार मला कंजूष समजतात.”

दोन हजार दहा साली मात्र तिनं पस्तीस आणली.

त्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी तिचा आजार उलटला म्हणून सांगितलं होतं. तरी ती मार्चात गेली. आल्यावर बाटली फ्रिजमध्ये ठेवता ठेवता म्हणाली, “या वेळी बाबांना खरं सांगून टाकणार. एकदा तरी चांगली न्यावी ना? आणि ही फळीवर ठेवायची नाही. एक घोट प्यायला लावणार त्यांना.” उन्हाळ्यात जाणं जमलं नाही. पावसाळ्यात मामाजी पुण्याला आले, तिच्या उशाशी बसून राहिले. पाणी घ्यायला फ्रिज उघडला तेव्हा त्यांना बाटली दिसली. म्हणाले, वाच. ती म्हणाली, “इथं नाही बाबा. दिवाळीत मिलवर वाचू.” श्रावणात ती गेली.

दिवाळीच्या तोंडावर मामाजींचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही. “जवाईबापू, ते बाटली वाचाची राहिली जी.” एवढंच बोलले आणि फोन ठेवला.

गाडीत

मला जपानी येत नाही. धंदा मात्र लेबलांचाच. तीस वर्षं औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापली. त्यामुळे कागद, शाई, डिंक याबद्दल मला कोणी शिकवू नये, पण अक्षरं मला अनोळखी होती. फोन आल्यावर शोभाचा जाडजूड कोश काढला आणि एकेक चिन्ह शोधत बसलो. तिच्या वहाणा अजून दारातच होत्या. तिनं दोन मिनिटांत वाचलं असतं ते लेबल वाचायला मला दिवाळी उजाडली. मधेच राग यायचा. तिच्यावर यायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

पुढच्या बाजूला ब्रशानं काढलेलं मोठं नाव, ते दारू करणाऱ्या घराण्याचं. त्याखाली ‘जुनमाइ’, म्हणजे तांदूळ, पाणी आणि आंबवणारी बुरशी यांखेरीज यात काही मिसळलेलं नाही. आणि ‘दाइगिंजो’, म्हणजे दाणा निम्म्याहून जास्त घासलेला. मागच्या बाजूला तांदळाची जात, पस्तीसचा आकडा, आणि दारू गोड की कोरडी, म्हणजे बिनगोडीची, हे सांगणारी एक बेरीज-वजाबाकीची खूण. तारखेनं मला फार छळलं. नुसतं २२.३ लिहिलेलं. मला वाटलं, बावीस मार्च. तसं नव्हतं. ते लोक सम्राटाच्या कारकिर्दीची वर्षं मोजतात. बावीस हे वर्ष आणि तीन हा महिना. दोन हजार दहाचा मार्च. शोभानं घेतली तेव्हा नुकतीच भरलेली होती. आणखी एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा तपासली. लेबलावर भरल्याचा महिना असतो, मुदत संपल्याची तारीख नसते. आमच्या धंद्यात असं लेबल छापलं तर प्रेसला कुलूप लागेल.

सगळ्यात खाली लाल अक्षरांत: न तापवलेली कच्ची दारू, थंड जागीच ठेवावी. म्हणून सारा प्रवास बर्फाचा झाला. थर्माकोलचा खोका, त्यात बर्फ, बर्फात बाटली. पुण्याहून संध्याकाळच्या गाडीनं निघालो. सकाळी वर्धा आलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. प्लॅटफॉर्मवर एक हवालदार अगदी माझ्या खिडकीखाली उभा राहून संत्री सोलत होता. खोक्यातून पाणी ठिबकत होतं. समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, मासे आहेत का? मी हो म्हणालो. त्या शाकाहारी निघाल्या आणि नागपूरपर्यंत नाकाला पदर लावून बसल्या. शोभा असती तर हसून हसून बेजार झाली असती. मी शेजारची, तिची जागा रिकामीच ठेवली होती, का ते मलाच माहीत नाही. तिकीट एकाच माणसाचं होतं.

गोंदिया

गोंदियाला उतरलं की महाराष्ट्रात आहोत हे विसरायला होतं. रिक्षावाला हिंदी, चहावाला हिंदी, दुकानांच्या पाट्या हिंदी. मी पुण्याचा माणूस, हिंदी बोलताना मला स्वतःचीच कीव येते. स्टेशनबाहेर उकडलेले काळे शिंगाडे टोपलीत मांडून बायका बसल्या होत्या. शोभा इथे पोचली की आधी शिंगाडे घ्यायची, सामान नंतर. मी घेतले. सोलायची तिची युक्ती मला कधीच जमली नाही. बोटाला टोचलं आणि दोन-तीन खाऊन पुडी तशीच ठेवली.

बर्फ संपत आला होता. मासळीबाजारात बर्फाच्या लाद्या फोडणारा एक म्हातारा भेटला. खोक्यात डोकावून म्हणाला, “ऐसे नहीं टिकेगा भैया. भूसा डालो, धान का भूसा.” पोत्यातून धानाची फोलं मूठ-मूठ काढून त्यानं बर्फाभोवती दाबून बसवली. मग बाटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

“क्या लिखा है इस पे?”

मी सांगितलं, चावल से बनी है. तो चकित झाला. “चावल तो यहाँ का! उधर से काहे को ला रहे?”

मी म्हणालो, जिनकी है उन्हीं को देनी है.

कोहमारा

अर्जुनीला रेल्वेही जाते, पण तिची वेळ टळली होती. लाल बस पकडली. रस्त्याच्या दोन्ही अंगाला धान कापून झालेलं, जागोजागी पेंढ्यांचे पुंजणे रचलेले, आणि मधूनच एखादा तलाव. इकडे तलावांची मोजदाद कोणी करत नाही, आपल्याकडे देवळांची करत नाहीत तशी. बसमध्ये माणसं मोठ्यानं, सरळ बोलतात. कंडक्टरनं खोक्याकडे बघून विचारलं, “का हाये जी त्याच्यात?” मी म्हणालो, जरा नाजूक वस्तू आहे. तो म्हणाला, “मंग मांडीवर घ्या, खाली कायले ठेवता?” पुण्यात हेच वाक्य कमीतकमी तीन माफ्या मागून आलं असतं. मी मांडीवर घेतलं.

कोहमाऱ्याला हमरस्त्याचा चौक आहे. तिथे बस बदलायची होती, आणि पुढची गाडी बिघडली म्हणून बराच वेळ ताटकळावं लागणार होतं. ऊन कडक. एका ढाब्यात शिरलो आणि मालकाला विनवून बाटली त्याच्या थंड पेयांच्या फ्रिजमध्ये ठेवली. मालक जवळच्याच गावचा होता. चहा अर्धा झाला असेल नसेल, एका ट्रक ड्रायव्हरनं फ्रिज उघडला, बाटली बाहेर काढली आणि बुचाला हात घातला. मी असा उठलो की चहा सगळा शर्टावर. “नको! नको!” मी ओरडलो. आयुष्यात मी कधी ढाब्यावर ओरडलो नव्हतो. ड्रायव्हर बिचारा घाबरून बाटली माझ्या हातात देऊन मोकळा झाला.

मालक माझ्या शर्टाकडे बघत म्हणाला, “एका बाटलीसाठी एवढा जीव काऊन काढून राहिले जी?”

“बायकोची आहे,” मी म्हणालो. “तिच्या बापाला न्यायची आहे. ती वारली.”

तोवर मी हे वाक्य असं सरळ कोणाला म्हटलं नव्हतं. पुण्यात सगळ्यांना आधीच माहीत होतं. मला बोलावंच लागलं नव्हतं. ढाब्यावर, चहानं भिजलेल्या शर्टात, एका परक्या माणसासमोर ते तोंडातून निघालं आणि मी बाकावर बसून रडलो. मालकानं फ्रिजच्या वरच्या कप्प्यातला सगळा बर्फ सुरीनं खरवडून माझ्या खोक्यात भरला आणि म्हणाला, “बस आली का मी सांगतो.”

बाटली खोक्यात ठेवताना लेबल पाहिलं. कागद भिजून फुगला होता, एक कोपरा सुटला होता, पण शाई जागची हलली नव्हती. हातानं केलेला कागद असावा. मी कोपरा अंगठ्यानं दाबून धरला.

अर्जुनी मोरगाव

पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. मामीजी, म्हणजे सासूबाई, दारातच होत्या. पायावर पाणी घातलं, तोंडाकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या. मामाजींनी खोका माझ्या हातातून घेतला आणि पहिला प्रश्न केला, “फोडली त नाई ना?” मी नाही म्हणालो. घरातला फ्रिज बंद होता. इकडे वीज दिवसाचे कितीतरी तास जातेच. बाटली रांजणातल्या पाण्यात सोडली.

जेवायला पहिल्यांदा भात, शेवटीही भात. आमच्याकडे भात म्हणजे मूद. इथे भात म्हणजे ताट. नव्या धानाचा, एकदाच घासलेला, थोडा तांबूस. बरोबर लाखोळीची डाळ आणि वालाच्या शेंगांची भाजी. मामीजी वाढत होत्या. माझं ताट रिकामं होऊ देत नव्हत्या. एकदा माझ्या शेजारच्या रिकाम्या पाटाकडे त्यांचा हात गेला, वाढायला, आणि तसाच मागे आला. मी पुढचे चार घास पाण्याबरोबर गिळले.

झोपण्याआधी मनात सगळं घोळवून ठेवलं होतं. सरळ खरं सांगायचं. तिला सांगायचं होतं, ते तिच्या वतीनं मी सांगायचं. पण फळीवरच्या त्या बाटल्यांचं काय? तिच्या बापाजवळ तिचं म्हणून आता तेवढंच उरलं होतं, चढत्या क्रमानं मांडलेलं. त्यातली एकेक साधी आहे, सगळ्यांत मानाची ऐंशी तर सगळ्यांत साधी, हे त्यांना सांगायला मी हजार-अकराशे किलोमीटर बर्फ वाहत आलो होतो का? आणि नाही सांगितलं, तर पस्तीसचं काय सांगणार?

सकाळी मिलवर गेलो. नवीन धानाचे दिवस, पोती दारापर्यंत, शेतकरी ताटकळलेले. मामाजींनी हातानं खूण करून पट्टा थांबवला. एवढा आवाज एकदम बंद झाला की कानात दडे बसल्यासारखं वाटलं. टेबलापाशी दोन खुर्च्या होत्या. मी एकीत बसणार, तर ते म्हणाले, “ते नाई. हे घ्या,” आणि माझ्यासाठी स्टूल ओढलं. शोभाची खुर्ची तशीच राहिली.

“वाचा जी.”

मी वाचू लागलो. घराण्याचं नाव. गाव. तांदूळ, पाणी, बुरशी, बाकी काही नाही.

“धान कोन्ता?”

“यामादानिशिकी.”

“हे नाव तिनं कधी घेतलं नाई.”

“दारूसाठी मुद्दाम पिकवतात. उंच वाढतं, वाऱ्यात आडवं पडतं. पिकवायला कठीण.”

“लोंबी जड असंन मंग,” ते म्हणाले. पोत्यांवर बसलेल्या शेतकऱ्यांपैकी एकानं मान हलवली. मामाजींनी बाटली स्वतःकडे ओढली. जपानी त्यांना येत नव्हतं, पण इतक्या वर्षांत आकडा कुठे असतो हे त्यांना ठाऊक झालं होतं. त्यांनी बोट ठेवलं.

“तीन. पाच. पस्तीस?”

“हो.”

“त्रेपन्न त नाई?”

“नाही मामाजी. पस्तीस.”

त्यांनी बाटली डोळ्यांजवळ धरून पाहिली. मग म्हणाले, “तिले दिसलंच नसंन. डोये गेल्ते तिचे. एवढी थकली होती त कायले गेली दुकानात? कोनी सोबत नव्हतं का तिच्या? चुकीची बाटली उचलली माह्या बाईनं.” तिकडे लेकीला बाई म्हणतात. त्यांनी उपरणं तोंडावर धरलं.

मग मला गप्प बसवेना. ती थकून, चाचपडत, चुकीची बाटली उचलते आहे, हे चित्र घेऊन हा म्हातारा उरलेलं आयुष्य काढणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी सगळं सांगितलं. तिचे डोळे ठीक होते. तिनं निवडून आणली. दुकानातली सगळ्यांत भारी. तिकडे आकडा लहान तितका मान मोठा, कारण दाण्याचं बाहेरचं सगळं घासून आतलं तेवढंच ठेवतात.

“मंग सत्तरवाली?”

“साधी होती.”

“ऐंशीवाली?”

“तीही.”

“अना मी साऱ्या गावाले सांगत फिरलो.” त्यांनी वर फळीकडे पाहिलं. “तिनं काऊन नाई सांगितलं?”

“पहिल्या वेळी तुम्ही उठून उभे राहिलात ना. तिला ते फार आवडलं होतं. तुम्ही दरवर्षी उभं राहावं, म्हणून ती मोठे आकडे शोधायची.”

मामाजी म्हणाले, “शंभरातले पासष्ट किलो घासून टाकतेत?”

“हो.”

“आमच्याकडं असा केला त लोक मिल जाळतीन. का करतेत त्या कोंड्याचं?”

“पीठ असतं ते. बिस्किटं करतात, जनावरांना घालतात.”

“वाया नाई जात?”

“नाही.”

“मंग ठीक हाये.” त्यांनी आपला तळहात उघडून पाहिला. “आखरीले तिचा हात धरून बसलो होतो मी. का उरलं होतं त्याच्यात?”

मला शोभाचं दुसरं काम आठवलं. म्हणालो, “तिची इच्छा होती, ही तुम्ही फळीवर ठेवू नये. एक घोट घ्यावा.”

“बाई म्हने?”

“हो.”

त्यांनी बाटली उचलली. अंगठा बुचावर ठेवला. मला वाटलं, उघडणार. पाण्याचे थेंब लेबलावरून त्यांच्या मनगटावर ओघळत होते.

“ते असती त घेतला असता जी,” ते म्हणाले. “तिच्या हातानं. तुमच्या हातानं नाई होत. राग नका मानू.”

राग नव्हता. पण खोटं कशाला बोलू, लागलं. कोश घेऊन घालवलेल्या त्या संध्याकाळी, तो बर्फ, सगळं आठवलं. मी म्हणालो, “मामाजी, ही थंड नाही ठेवली तर खराब होईल. लाल अक्षरांत लिहिलंय.”

“होऊ द्या.”

ते स्टुलावर चढले. मी स्टूल धरलं. फळीवर डावीकडे सत्तर, मग बहात्तर, पंचाहत्तर, उजव्या टोकाला ऐंशी. त्यांच्या क्रमानं ही सगळ्यांत खालची, म्हणून सत्तरच्याही अलीकडे. जपान्यांच्या क्रमानं ही सगळ्यांत मानाची, आणि मग बाकीची रांग उलटी करायची. ते बाटली हातात घेऊन उभे होते. मला वाटलं आता रांग मोडतील. त्यांनी एकही बाटली जागची हलवली नाही. ऐंशीच्या पुढे ही ठेवली.

“आखरीले आनली ना. आखरीलेच राहीन.”

त्या बाटलीच्या पुढेही फळी बरीच रिकामी होती. भिंतीच्या टोकापर्यंत गेलेली, पुढच्या कितीतरी वर्षांच्या बेतानं ठोकलेली. मामाजींची नजर तिथेच अडली. माझीही. मला ते बघवेना, म्हणून मी बोलून गेलो, “पुढच्या वर्षी मी आणीन, मामाजी. तिच्या कंपनीतले लोक जातात जपानला. मागवीन. वाचूनही दाखवीन.”

ते खाली उतरले. उपरण्यानं हात पुसले. पट्टा सुरू करायला सांगितलं. मिल घरघरली, धान पडू लागलं, शेतकरी पोती ओढायला उठले. त्या आवाजात त्यांनी माझ्या दंडाला धरून मला जवळ ओढलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाले,

“तुमी या जी. दरसाल या. बाटली नका आनू.”